पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी निवडताना : एका निवडीमागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/२४
मित्रमैत्रिणींनो, आजचा धागा एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर आहे. छंद म्हणून रेडिओ-नियंत्रित मोटारगाडी, म्हणजेच आरसी कार, घ्यायची झाली तर पहिली गाडी कोणती घ्यावी? राजे, लढाया आणि तह यांच्या धाग्यांत हा विषय काहीसा परका वाटेल. परंतु वस्तूंनाही इतिहास असतो. गाडीच्या खोक्यावर छापलेले २.४ गिगाहर्ट्झ, ५४० मोटर, १/१०, ७.२ व्होल्ट हे शब्द म्हणजे कधीकाळी कुणापुढे तरी उभ्या राहिलेल्या अडचणींची उत्तरे आहेत. ती अडचण समजली की त्या शब्दाचे वजनही समजते.

२/२४
प्रश्न किरकोळ नाही, कारण बहुतेक नवशिके आपल्या साठवलेल्या पैशांतून ही गाडी घेतात आणि त्यांतील अनेकांचा छंद पहिल्याच मोडतोडीपाशी संपतो. विकणारा वेगाचा आकडा सांगतो, घेणारा वेगाचा आकडा पाहतो. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. ज्या गाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या छांदिष्ट घडवले, त्या त्यांच्या काळातल्या सर्वांत वेगवान गाड्या नव्हत्या. त्या उघडता येत होत्या, दुरुस्त करता येत होत्या आणि त्यांचे सुटे भाग मिळत होते. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे. आता पुरावे पाहू.

३/२४
आरंभ १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली आणि तिला कोणतीही तार न जोडता दुरून वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना या शोधाचे अमेरिकी पेटंट मिळाले, क्रमांक ६१३८०९. रेडिओवरून मनुष्याचा आवाज ऐकू येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. बिनतारी लहरींनी संदेश पाठवण्याचा व्यवहारही तेव्हा नुकता कुठे रुजत होता, आणि त्याच लहरींना टेस्ला सुकाणू धरायला लावत होते. प्रेक्षकांपैकी काहींनी ही जादू मानली, तर काहींना आत कुणीतरी लपले असावे असा संशय आला.

४/२४
त्या काळी लहर ‘ओळखण्या’चे साधन होते कोहिअरर. फ्रान्सचे एदुआर ब्रांली यांनी १८९० मध्ये दाखवून दिले होते की काचेच्या नळीतला धातूचा कीस विद्युतलहर येताच परस्परांना चिकटतो आणि वीज वाहू देतो. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यास कोलकात्यात अशाच अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. परंतु कोहिअररला एकच गोष्ट कळत असे : लहर आली किंवा आली नाही. ‘किती आली’ हे त्याला कळत नसे. ‘आहे’ आणि ‘किती’ यांतले हे अंतर लक्षात ठेवा. पुढे खरेदीच्या वेळी ते कामास येणार आहे.

५/२४
जमिनीवरच्या रेडिओ-नियंत्रित वाहनाचा पहिला ज्ञात दाखला स्पेनमधला आहे. लिओनार्दो तोरेस केवेदो या अभियंत्याने १९०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ‘टेलिकिनो’ नावाचे यंत्र मांडले. माणसाचा जीव धोक्यात न घालता हवाई जहाजांची चाचणी करता यावी, हा त्यामागचा हेतू होता. १९०४ मध्ये माद्रिदमध्ये त्याने हे यंत्र एका तीनचाकी विजेच्या गाडीवर बसवून पाहिले. पल्ला होता २० ते ३० मीटर. १९०६ मध्ये बिल्बाओ येथे स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो याच्यासमोर त्याने किनाऱ्यावरून एक होडी चालवली. आजची आरसी कार ही त्या तीनचाकीची दूरची वंशज आहे.

६/२४
१९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चँडलर बनावटीची एक पूर्ण आकाराची मोटार चालकाविना धावली. हौडिना रेडिओ कंट्रोल या कंपनीचा तो प्रयोग होता आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसलेला माणूस तिला चालवत होता. गर्दीतून वाट काढत गेलेली ही मोटार अखेर दुसऱ्या एका गाडीवर जाऊन आदळली. रेडिओवर चालणारी गाडी आदळतेच, हे सत्य या छंदाइतकेच जुने आहे. म्हणून पहिली गाडी घेताना ‘ही किती धावेल’ याच्याआधी ‘ही आदळल्यावर काय होईल’ असे विचारावे.

७/२४
यानंतरचा अध्याय युद्धाचा. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत संघाने रेडिओने चालणारे ‘टेलिटँक’ फिनलंडविरुद्ध उतरवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने स्फोटके वाहून नेणारे बोर्गवार्ड बी-४ हे रेडिओ-नियंत्रित वाहन वापरले; त्यांचे ‘गोलियाथ’ हे छोटे रणगाडासदृश वाहन मात्र मागे सुटत जाणाऱ्या तारेने चालत असे. गोलियाथ परत येण्यासाठी बांधलेले नव्हते. एकदा जायचे आणि नष्ट व्हायचे, एवढेच त्याचे काम. छंदाच्या गाडीचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. ती परत यावी, दुरुस्त व्हावी आणि पुन्हा धावावी.

८/२४
युद्धाच्या समांतर, घरगुती कार्यशाळांत दुसरी परंपरा वाढत होती. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवर चालणारे छोटे विमान उडवले. तेव्हाचे रेडिओ निर्वात नळ्यांवर चालत आणि त्यांना जड बॅटऱ्या लागत. पुढे सुकाणूला पीळ दिलेल्या रबराची शक्ती देण्याची युक्ती रूढ झाली. बटण एकदा दाबले की सुकाणू एका टोकाला, पुन्हा दाबले की दुसऱ्या टोकाला. पूर्ण डावीकडे, सरळ किंवा पूर्ण उजवीकडे. ‘किंचित डावीकडे’ ही आज्ञाच त्या यंत्राला ठाऊक नव्हती.

९/२४
‘किंचित’ ही आज्ञा व्यवहारात रुळली १९६० च्या दशकात. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ हलके झाले आणि अंकीय ‘प्रपोर्शनल’ नियंत्रण आले. या पद्धतीत विजेच्या ठोक्याची लांबी साधारण १ ते २ मिलिसेकंदांमध्ये बदलते. दीड मिलिसेकंद म्हणजे चाक सरळ. सर्वो नावाची छोटी मोटर ही लांबी वाचून चाक तेवढेच वळवते.

खरेदीसाठी पहिली कसोटी इथे मिळते. दुकानात रिमोटचे चाक किंचित फिरवा. गाडीची पुढची चाके किंचितच वळली तर ठीक. ती खाडकन टोकाला गेली, तर तुमच्या हातात नव्या खोक्यातले जुने तंत्र आहे.

१०/२४
१९६६ मध्ये इटलीतल्या रेज्जो एमिलिया येथील एलेत्रॉनिका जोकातोली या कंपनीने फेरारी २५० एलएम या गाडीची १/१२ आकाराची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. व्यापारी आरसी गाड्यांचा आरंभ साधारणपणे इथून मोजतात. त्याच सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमध्ये १/८ आकाराच्या, छोट्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असते. आवाज आणि धूर यांचे आकर्षण मोठे असते. परंतु इंजिन जुळवून घेणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. इंधन मिळवणे, साठवणे आणि शेजाऱ्यांची समजूत घालणे हेही त्यातच आले. पहिली गाडी विजेवरचीच असावी.

११/२४
आता जपानमधल्या शिझुओका शहरात जाऊ. १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी इथे लाकडाचा व्यवसाय सुरू केला. लाकडी प्रतिकृतींचे संच हा त्यांचा सुरुवातीला जोडधंदा होता. १९५० च्या दशकात तोच मुख्य धंदा झाला. बाजार प्लास्टिककडे वळला तेव्हा कंपनीनेही १९६० मध्ये प्लास्टिकचा पहिला संच काढला, ‘यामातो’ या युद्धनौकेचा. या पार्श्वभूमीमुळे तामियाच्या दृष्टीने गाडी ही तयार वस्तू नव्हती. ती ग्राहकाने स्वतः जोडायची होती. भाग, क्रमांक, चित्रमय पुस्तिका आणि स्क्रूंच्या पुड्या ही त्या विचाराची भाषा होती.

१२/२४
१९७६ मध्ये तामियाची पहिली आरसी कार आली : १/१२ आकाराची पोर्शे ९३४ टर्बो आरएसआर. तपशील अचूक यावेत म्हणून योशिओ यांचे पुत्र शुन्साकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करवली, ही हकीकत छांदिष्टांत प्रसिद्ध आहे. ग्राहकाला मिळणारा संचही तसाच सुटा होता. जो माणूस गाडी स्वतः जोडतो, त्याला कोणता स्क्रू कुठे आहे हे ठाऊक असते. पहिल्या अपघातानंतर त्याला फक्त एक तुटलेला भाग दिसतो. तयार गाडी घेतलेल्याला त्याच क्षणी आख्खी गाडी बिघडलेली दिसते.

१३/२४
पोर्शेला गुळगुळीत जमीन लागे. १९७९ मध्ये तामियाने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या बग्गी आणल्या. मोठी चाके, लवचीक सस्पेन्शन आणि धूळपाण्यापासून रेडिओ वाचवणारी बंद पेटी ही त्यांची वैशिष्ट्ये. गाडी डांबरावरून मातीत उतरली आणि छंदाचा विस्तार झाला, कारण गुळगुळीत ट्रॅक मोजक्यांनाच मिळतो, मातीचे मैदान अनेकांना.

दुसरी कसोटी ही : गाडीच्या आधी जागा निवडा. शर्यतीच्या मोटारीसारखी खाली बसलेली गाडी जमिनीपासून जेमतेम काही मिलिमीटर उंच असते. मुरमाच्या मैदानावर तिचे पोट घासत राहील. आपल्याकडच्या बहुतेक नवशिक्यांसाठी बग्गी किंवा ट्रक हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

१४/२४
१९८४ हे या इतिहासातले कळीचे वर्ष. तामियाने ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ या १/१० आकाराच्या दोन बग्गी आणल्या. दोहोंची मांडणी जवळजवळ एकच : परातीसारखी प्लास्टिकची चॅसी, मागच्या दोन चाकांना गती, अगदी साधे सस्पेन्शन. ग्रासहॉपरला ३८० मोटर, हॉर्नेटला अधिक ताकदीची ५४०. खडबडीत जमिनीवर दोन्ही उड्या मारत. तरीही जगभरातल्या असंख्य मुलांची ही पहिली गाडी ठरली. हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा बाजारात आली. म्हणजे १९८४ च्या रचनेचे भाग एकविसाव्या शतकात पुन्हा बनू लागले. कोणत्याही नवशिक्यासाठी याहून मोठी हमी कोणती?

१५/२४
३८० आणि ५४० हे आकडे ताकदीचे नव्हेत, मोटरच्या आकाराचे आहेत. ५४० ही साधारण ३६ मिलिमीटर व्यासाची आणि ५० मिलिमीटर लांबीची मोटर. ती इतकी रूढ झाली की वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटरी एकमेकींच्या जागी बसतात. प्रमाणीकरणाचा हा फायदा पदरात पाडून घ्यावा : पहिल्या गाडीत प्रमाणित मापाची मोटर असावी.

ब्रशवाली की ब्रशलेस? ब्रशलेस मोटर जास्त वेगवान आणि टिकाऊ. परंतु तिचा वेग गिअर, टायर आणि नवशिक्याची बोटे या तिघांचीही परीक्षा पाहतो. ब्रशवाली मोटर स्वस्त आहे आणि शिकण्यास पुरेशी आहे. बदल पुढे करता येतो.

१६/२४
त्याच १९८४ मध्ये अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी-१० आली. सोनेरी रंगाची अ‍ॅल्युमिनियमची चॅसी, तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि जवळजवळ प्रत्येक कोन जुळवून घेण्याची सोय. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मार येथे मातीवरच्या १/१० विद्युत गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे दोनचाकी गतीच्या गटात जे हॅल्सी याने याच गाडीवर अजिंक्यपद मिळवले. आरसी-१० निर्विवादपणे श्रेष्ठ होती. पण जिथे जुळवण्याच्या वीस जागा असतात, तिथे चुकण्याच्याही वीस जागा असतात. शर्यतीची गाडी तिचा उपयोग कळू लागल्यावर, दुसरी किंवा तिसरी म्हणून घ्यावी.

१७/२४
इथे एक भेद स्पष्ट करायला हवा : खेळण्याच्या दर्जाची गाडी आणि छंदाच्या दर्जाची गाडी. बाहेरून दोन्ही सारख्या दिसू शकतात. पहिलीत रिसीव्हर, वेग-नियंत्रक आणि सुकाणूची यंत्रणा एकाच सर्किटवर असते. एक भाग गेला की गाडी भंगारात. दुसरीत रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर, सर्वो आणि मोटर वेगवेगळे असतात. जो गेला तो बदलायचा. काही स्वस्त तयार गाड्यांत रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर एकत्र असतात. तेही चालेल, परंतु तो जोडभाग सुटा विकत मिळतो का, हे आधी पाहून घ्या.

१८/२४
संच घ्यावा की तयार गाडी? अमेरिकेत १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅक्सस कंपनीने तयार गाड्यांचा मार्ग रुंद केला. तिचा २००८ चा ‘स्लॅश’ हा ट्रक त्याचे उत्तम उदाहरण : खोक्यातून काढा, बॅटरी चार्ज करा, चालवा, आणि मोडला तर प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मागवा. संचाच्या बाजूने तामियाची २०१३ ची टीटी-०२ चॅसी पाहा. चारही चाकांना दांड्याने गती देणारी ही साधी रचना जोडायला सोपी आहे. धीर असेल तर संच घ्या. तयार गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात पुस्तिका समोर ठेवून तिची चाके, गिअरचे झाकण आणि सर्वो एकदा काढून पुन्हा बसवा.

१९/२४
आता लहरींकडे परत येऊ. जुन्या गाड्या प्रामुख्याने २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत. अमेरिकेत त्यात सहा ठरलेले चॅनेल होते आणि प्रत्येकाला रंग होता : तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. दोघांनी एकच चॅनेल लावला तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी सुटत असे. म्हणून मैदानावर एक फळी असे आणि तिच्यावर चॅनेलचे चिमटे. चिमटा हाती आल्याखेरीज रिमोट सुरू करायचा नाही, हा शिष्टाचार. सहाच रंग, त्यामुळे सातव्याने थांबायचे.

२०/२४
उत्तराचे बीज १९४२ मध्येच पेरले गेले होते. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिलेली रेडिओ-आज्ञा शत्रूने अडवू नये म्हणून लहरींची वारंवारता सतत बदलत ठेवायची, ही ती कल्पना. बदलांचा क्रम यांत्रिक पियानोच्या कागदी गुंडाळीसारखा ठरलेला, वारंवारता ८८. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या अनेक रिमोटांत वारंवारता बदलत राहण्याचे हेच तत्त्व आढळते. भारतात या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. पहिली गाडी २.४ गिगाहर्ट्झचीच घ्या. मग मैदानावर दहा जण असले तरी चिमट्याची वाट पाहावी लागत नाही.

२१/२४
बॅटरी. निकेल-कॅडमियमचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये लावला. १.२ व्होल्टचे सहा सेल जोडले की ७.२ व्होल्ट; हाच आकडा आरसी गाड्यांचे प्रमाण बनला. आज त्या जागी निकेल-मेटल हायड्राइड आहे : जड, पण चुका सहन करणारी. लिथियम-पॉलिमरचा सेल ३.७ व्होल्टचा, हलका आणि जोरकस. परंतु तो ४.२ व्होल्टच्या वर चार्ज केला तर आगीचा धोका, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरला तर निकामी होण्याचा. पहिली बॅटरी निकेलचीच घ्यावी, हे माझे मत. लिथियम घ्यायची असेल तर बॅलन्स चार्जर आणि व्होल्ट कमी होताच थांबणारा स्पीड कंट्रोलर हवाच. आणि चार्जिंग चालू असताना झोपायचे नाही.

२२/२४
ज्यांच्याकडे मैदान नाही, फक्त सदनिका आहे, त्यांनी निराश होऊ नये. क्योशो या जपानी कंपनीने १९९९ मध्ये ‘मिनी-झेड’ आणली. साधारण १/२८ आकाराची, तळहातावर मावणारी, छंदाच्या दर्जाची गाडी. दिवाणखान्यातली फरशी हाच तिचा ट्रॅक. तिचेही सुटे भाग मिळतात.

ज्यांच्याकडे मैदान आहे, त्यांनी आपले ऋतू लक्षात घ्यावेत. उन्हाळ्यातली बारीक धूळ गिअरमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरते. पावसाळ्यातला चिखल स्क्रू गंजवतो. प्रत्येक फेरीनंतर मऊ ब्रशने झाडणे आणि कोरडे करणे, हे चालवण्याइतकेच छंदाचे अंग आहे. आणि वाहत्या रस्त्यावर गाडी कधीही सोडू नये.

२३/२४
शेवटी पैशांचा हिशेब. भारताने २०२० मध्ये खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले. परदेशी बनावटीची गाडी इथे महाग का पडते, याचे एक कारण हे. म्हणून सगळी रक्कम गाडीवर घालू नका. साधारण तिसरा हिस्सा राखून ठेवा : चांगला चार्जर, एक जादा बॅटरी, पुढच्या चाकांचे आर्म, एक पिनियन गिअर, बेअरिंगचा संच आणि अवजारे. जपानी संचांतल्या फुलीच्या स्क्रूंसाठी जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या; नेहमीचा घसरतो आणि स्क्रूचे डोके खातो.

गाडी मागवण्याआधी तिचे सुटे भाग शोधून पाहा. पुढचा आर्म भारतात मिळतो का? किती दिवसांत? उत्तर मिळाले नाही, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी ती तुमची पहिली गाडी नव्हे.

२४/२४
सारांश पाच प्रश्नांत :
१) कुठे चालवणार? त्यानुसार बग्गी, ट्रक किंवा छोटी घरातली गाडी.
२) ‘किंचित’ कळते का? प्रपोर्शनल नियंत्रण आणि २.४ गिगाहर्ट्झ.
३) मोटर आणि बॅटरी प्रमाणित मापाची आहे का?
४) प्रत्येक भाग वेगळा काढता येतो का?
५) तो भाग उद्या, आणि पाच वर्षांनी, मिळण्याची शक्यता आहे का?

वेगाचा प्रश्न या यादीत नाही, कारण वेग नंतर वाढवता येतो. बंद खोके मात्र नंतर उघडे करता येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९८४ ची ग्रासहॉपर आज एखाद्याच्या घरी धावते, तेव्हा ती त्या काळाचा चालता पुरावा असते. सील केलेले, चिकटवलेले खेळणे मागे काहीच ठेवत नाही. कोणत्या वस्तू टिकतील हे संग्रहालयांच्या आधी ठरते, दुकानात, आपण काय विकत घेतो त्यावर.

धागा उपयोगी वाटला तर पहिली गाडी घ्यायच्या तयारीत असलेल्या मित्राला जरूर पाठवा. तुमची पहिली गाडी कोणती होती, आणि तिचा सर्वांत आधी कोणता भाग तुटला, हे खाली लिहा. नवख्या वाचकांना त्या उत्तरांतून पुष्कळ शिकता येईल.